गोळीही हवी, रंगपेटीही हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी सावद्याचा. रावेर तालुक्यातलं हे गाव तुम्हाला केळीमुळे माहीत असेल. घरची केळीबाग आहे, पण माझं आयुष्य बागेत कमी आणि शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जास्त गेलं. तीस वर्षं मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. स्थिरचित्रातल्या तांब्याची सावली कुठल्या बाजूला पडते, ते हजार वेळा सांगितलं. आज मात्र परीक्षेच्या चित्रकलेबद्दल बोलायचं नाही. मनाचा आजार झालेल्या माणसाला चित्र, गाणं, लेखन यांचा आधार कितपत मिळतो आणि तो कुठे कमी पडतो, याबद्दल बोलायचं आहे. हा विषय मी घरात शिकलो. आधी चुकीचा शिकलो, मग दुरुस्त करून घेतला. ती चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हे भाषण.

माझा धाकटा भाऊ, त्याला आपण नाना म्हणू. हे त्याचं खरं नाव नाही. हे सगळं सांगायला त्याची परवानगी मी घेतली आहे, आणि काय सांगायचं नाही तेही त्यानेच ठरवलं आहे.

१९९४ साली नाना बावीस वर्षांचा होता. बागेत पाणी भरायला रात्री जायचा. केळीची वाळकी पानं वाऱ्याने खडखडतात, तो आवाज आमच्या भागात लहान मुलांनाही ओळखीचा असतो. नानाला त्या आवाजात माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. त्याच्याचबद्दल बोलणारी. आधी तो आम्हाला सांगायचा, मग सांगेनासा झाला. जेवण कमी झालं, झोप गेली, अंघोळ सुटली. शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणू लागला. आई म्हणाली, पोराला बाहेरचं काही झालं. मग अंगारे झाले, धागे झाले, एका देवस्थानाला पाच वाऱ्या झाल्या. यात आठ महिने गेले. कोणाला दोष देत नाही. मी स्वतः शिकलेला मास्तर असून वाऱ्यांना बरोबर जात होतो.

शेवटी जळगावला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात. नावावरून पुष्कळांना वाटतं की या आजारात एका माणसात दोन माणसं राहतात. तसं नसतं. विचार, भावना आणि जे दिसतं-ऐकू येतं त्याचा मेंदूत बसणारा मेळ या आजारात बिघडतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेला कट दिसतो. दुसऱ्या बाजूने उत्साह, बोलणं, लोकांत मिसळणं आटत जातं. जगभरात दोन कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. तो कोणाच्या पापाने होत नाही आणि आईबापांच्या वळणानेही होत नाही. औषधाने पुष्कळांचा आटोक्यात राहतो.

नानाला गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांत आवाज कमी झाले. तो झोपू लागला, जेवू लागला. पण दिवसभर ओट्यावर नुसता बसून राहायचा. आजाराने जे भलतंच दिलं होतं ते औषधाने काढून घेतलं होतं. आजाराने जे नेलं होतं ते मात्र परत आलं नव्हतं.

पट्टीच्या मागची बाजू

एके दिवशी मी शाळेतून आलो, तर नाना केळीच्या हिशेबाच्या पट्टीमागे पेन्सिलीने काहीतरी काढत होता. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या त्या पट्ट्या, एका बाजूला वजन आणि भाव, दुसरी बाजू कोरी. त्याने केळीची खोडं काढली होती. घड कापून नेल्यावर उरतात तशी, रांगेने. प्रत्येक खोडाला एक कान होता.

मी चित्रकलेचा मास्तर. मला काय सुचावं? मी म्हणालो, "नाना, खोडाची जाडी खाली जास्त असते, आणि लांबची खोडं लहान दाखव." त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि आठ दिवस हातात धरली नाही.

ती माझी पहिली चूक. पुढे पुन्हा त्याने काढायला घेतलं तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. शाळेतले उरलेले रंग आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद त्याच्याजवळ ठेवून द्यायचो, एवढंच. दुपारी जेवण झालं की तो तास-दीड तास बसायचा. खोडं, विहीर, सावदा स्टेशनात उभ्या असलेल्या केळीच्या वाघिणी. कान हळूहळू कमी झाले. एकदा आपणहून म्हणाला, "भाऊ, कागदावर काढलं का ते तिथंच राह्यतं. डोक्यात नाही येत."

या एका वाक्यात कलोपचाराचं बरंचसं शास्त्र आहे, हे मला फार पुढे कळलं. त्या वेळी मला फक्त आनंद झाला, आणि त्या आनंदातच मी दुसरी, मोठी चूक केली.

थरथरणारी रेघ

नानाची रेघ थरथरत होती. औषधाने हाताला कंप आला होता. त्याला त्याचा फार राग यायचा. सरळ रेघ ओढायला जायचा आणि ती वेडीवाकडी यायची. मला वाटलं, पोरगा इतका सुधारला आहे, रोज चित्र काढतो, हसतो, आता या गोळ्या कशाला? त्याच त्याच्या हाताआड येत आहेत. नाना म्हणाला, बंद करू का? मी म्हणालो, कर. डॉक्टरांना विचारलं नाही. हे १९९६ साल.

पहिले काही आठवडे सगळं छान होतं. रेघ सरळ झाली. मी चार लोकांना सांगितलंही, की आमच्या नानाला चित्रकलेने बरं केलं. दुसरा महिना संपता संपता त्याची झोप तुटली. रात्र-रात्र चित्रं काढू लागला. एका रात्रीत वीस-पंचवीस कागद. मला तेही चांगलंच लक्षण वाटलं. मग एका पहाटे त्याने सगळे कागद अंगणात जाळले आणि घरातून निघून गेला. दोन दिवसांनी भुसावळ स्टेशनच्या फलाटावर सापडला. पायात चप्पल नव्हती आणि त्याने आम्हाला ओळख दिली नाही.

डॉक्टरांनी मला रागावून काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हात थरथरतो हे मला का नाही सांगितलं?" मग समजावलं. या आजारावरच्या जुन्या औषधांनी हाताला कंप येणं, अंग आखडणं, सुस्ती येणं हे पुष्कळदा होतं. त्याला उपाय असतो. मात्रा कमी करता येते, दुसरं औषध देता येतं, कंप कमी करणारी वेगळी गोळी जोडता येते. पण त्यासाठी डॉक्टरांना कळलं पाहिजे. औषध एकदम बंद केलं की आजार बहुतेक वेळा लगेच उलटत नाही. काही आठवडे, कधी काही महिने सगळं ठीक वाटतं, आणि त्या काळात माणूस समजतो की औषधाची गरजच नव्हती. माझी नेमकी तीच फसगत झाली होती.

नाना सावरायला त्यानंतर वर्ष लागलं. गोळी बदलली, मात्रा जुळली, कंप बराच कमी झाला. दुपारचे कागदही परत आले. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. सकाळची गोळी आणि दुपारचे रंग, यांतलं एक दुसऱ्याच्या बदली चालणार नाही.

कला नेमकं काय करते?

मग मी वाचायला लागलो, विचारायला लागलो. कलेने फायदा होतो तो कसा होतो? मला समजलं ते सोप्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, आत जे घोळत असतं ते कागदावर आलं की माणसाला त्याच्याकडे थोडं लांबून पाहता येतं. नाना म्हणाला ते हेच. भीती डोक्यात असते तेव्हा ती चारही बाजूंनी असते. कागदावर तिला चार कडा असतात. कागद उलटा ठेवता येतो.

दुसरी गोष्ट निवडीची. आजारी माणसाच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसरे घेतात. काय खायचं, कधी झोपायचं, डॉक्टरांकडे कधी जायचं. कागदावर मात्र निळा घ्यायचा की तांबडा, हे तो स्वतः ठरवतो. आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्याच्या हातून सगळंच गेलं आहे त्याला ती किरकोळ नसते.

तिसरी गोष्ट दिवसाची. रिकामा दिवस हा मनाच्या आजारात फार जड असतो. दुपारी तीन वाजता काहीतरी करायचं आहे, एवढ्यानेही दिवसाला आकार येतो.

चौथी गोष्ट सोबतीची. भजनी मंडळात टाळ धरून बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की तुझं कसं चाललं आहे. ठेका चुकला नाही म्हणजे झालं. बोलल्याशिवाय लोकांत बसता येणं ही या आजारात मोठी सोय आहे. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने नानाला असंच बसवून घेतलं.

ही कल्पना नवी नाही. एड्रियन हिल नावाचे एक इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आजारी पडून आरोग्यधामात राहिले होते. अंथरुणावर पडल्या-पडल्या त्यांनी चित्रं काढायला घेतली, मग शेजारच्या रुग्णांनाही शिकवलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनीच १९४२ साली रूढ केला. म्हणजे हा शब्द डॉक्टरने दिलेला नाही, एका आजारी चित्रकाराने दिलेला आहे. पुढे १९४६ साली ब्राझीलमध्ये डॉ. नीझे दा सिल्वेरा या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी रिओ शहरातल्या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी चित्रशाळा उघडली. विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया यांना त्यांचा विरोध होता. त्या चित्रशाळेतल्या कामांचं १९५२ साली संग्रहालय झालं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण अर्धं सांगणं मला एकदा महागात पडलं आहे. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर आठवड्यातून एकदा गटाने चित्रकलेचा उपचार देऊ केला. दोन वर्षांनी तपासलं, तर आजाराच्या लक्षणांत किंवा रोजच्या वागण्यात बाकीच्यांपेक्षा काही ठळक फरक नव्हता. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांना गटात बोलावलं होतं, त्यांतले कितीतरी जण फारसे आलेच नाहीत. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळणं, मन सांभाळणं आणि उपचार चालू असताना साथ देणं, या सगळ्यांत कलेचा वाटा असल्याचं त्यात दिसतं.

या दोन्हींचा मी लावलेला अर्थ असा. कला हे सगळ्यांना सारखं वाटायचं औषध नाही. ज्याला मनापासून हवी आहे, जो आपल्या पायाने तिच्याकडे जातो, त्याला ती साथ देते. आवाज थांबवणं हे तिचं काम नाही. आवाज थांबल्यावर उरलेल्या आयुष्यात काय करायचं, या प्रश्नाला ती उपयोगी पडते.

आणखी एक गैरसमज. व्हॅन गॉगचं नाव घेऊन लोक म्हणतात, वेड होतं म्हणून तर तो मोठा चित्रकार झाला. खरं म्हणजे १८८९-९० मध्ये सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना झटका जोरात आला की त्याचं काम बंद पडायचं. त्याची तिथली गाजलेली चित्रं बहुतेक मधल्या शुद्धीच्या दिवसांतली आहेत. आजाराने त्याला चित्रं दिली नाहीत. आजारातून वेळ काढून त्याने चित्रं काढली. औषधाने कला मरेल म्हणून गोळी टाळणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्या मातीतली उदाहरणं

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसायच्या तेव्हा काय करायच्या? सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेलं मूल, हे सगळं त्या ओवीत सांगायच्या. घरात कोणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. लाखभर ओव्या आहेत, म्हणजे निदान तितक्या वेळा कोणीतरी मन मोकळं केलेलं आहे.

आणि जळगावात बसून बहिणाबाईंचं नाव कसं घेणार नाही? आसोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीत वैधव्य आलं, शेती आणि मुलं अंगावर पडली. शेतात आणि घरात राबताना त्या गाणी रचत गेल्या. ती मुलाने उतरवून घेतली, म्हणून त्यांच्यामागे १९५२ साली पुस्तक निघालं. त्यांना मनाचा आजार होता असं मी अजिबात म्हणत नाही. दुःख वेगळं आणि आजार वेगळा, हा फरक आपण विसरू नये. दुःखाला ओवी पुरते. आजाराला ओवीबरोबर डॉक्टरही लागतो.

आता खानदेशातलंच, पण थेट या आजाराशी जोडलेलं उदाहरण. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातल्या या अनुभवातून त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक यांचे आधारगट, पुनर्वसन, असं काम तिथे उभं राहिलं. या कामात मराठीतले दोन सुंदर शब्द वापरतात. आजारी माणूस म्हणजे शुभार्थी, आणि त्याला सांभाळणारा म्हणजे शुभंकर. 'वेडा' आणि 'वेड्याचा भाऊ' या शब्दांत आम्ही काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे या शब्दांची किंमत मला कळते.

डॉ. वाणींच्याच पुढाकारातून २००४ साली 'देवराई' हा चित्रपट आला. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली आहे आणि सोनाली कुलकर्णींनी त्याच्या बहिणीची. आम्ही घरी सीडी आणून तो पाहिला. आई तेव्हा सत्तरीची होती. अर्ध्यावर ती म्हणाली, "हा त आपला नानाच." दहा वर्षांत पहिल्यांदा तिने मान्य केलं, की हा आजार आहे आणि तो इतरांच्याही घरात असतो. बाहेरचं झालं हे शब्द त्यानंतर तिच्या तोंडून आले नाहीत. माझ्या दहा वर्षांच्या समजावण्याने जे झालं नाही, ते दोन तासांच्या चित्रपटाने केलं. म्हणजे कलेचा उपयोग फक्त ती करणाऱ्या आजारी माणसाला होतो असं नाही, शुभंकरालाही होतो. याच दोन दिग्दर्शकांनी पुढे स्मृतिभ्रंशावर 'अस्तु' आणि नैराश्यावर 'कासव' हे चित्रपट केले. 'कासव'ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं.

व्यसनाच्या बाबतीतही हेच दिसतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचट स्वतः ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम, बासरी यांत रमणारे होते. छंदांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. व्यसन सुटलं की दिवसातले कितीतरी तास मोकळे होतात. ते तास भरले नाहीत, तर बाटली ते भरायला टपलेलीच असते.

घरी काय करावं, काय टाळावं

आता रोजच्या उपयोगाचं थोडं. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर माझ्या चुकांवरून एवढं घ्या.

चित्र सुधारायला जाऊ नका. तुम्ही चित्रकलेचे मास्तर असाल तर अजिबातच नको. "हे काय काढलं?", "याचा अर्थ काय?" असंही विचारत बसू नका. शेजारी बसा. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

त्याच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नका. मी एकदा नानाचं चित्र कौतुकाने शाळेत नेलं होतं. मला तो मान वाटला. त्याला वाटलं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात ते खरंच आहे. ज्याचा आजारच संशयाचा आहे, त्याची वही न विचारता उघडणं किती वाईट, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

महागडं सामान लागत नाही. आमच्या शेजारच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून केली होती. एवढ्या मोठ्या चित्रकाराला गावातलं सामान पुरलं, मग आपल्याला पट्टीची मागची बाजू का पुरू नये? चित्रच हवं असंही नाही. रांगोळी, गोधडी, टाळ, हार्मोनियम, डायरी, काहीही चालेल. माणसाला आधी जे येत होतं किंवा आवडत होतं, त्यापासून सुरुवात करावी. आणि नको म्हणाला तर नको. जबरदस्तीने काढायला लावलेलं चित्र म्हणजे आणखी एक कडू गोळीच.

सावध कधी व्हायचं? झोप सोडून रात्रभर काम चाललं असेल, चित्रांत किंवा लिहिण्यात स्वतःला संपवण्याच्या गोष्टी येऊ लागल्या असतील, केलेलं सगळं एकाएकी फाडलं-जाळलं जात असेल, तर त्याचं कौतुकही करू नका आणि भांडूही नका. डॉक्टरांना गाठा. औषधाचा त्रास होत असेल, तर तो त्रास डॉक्टरांना सांगा. हात थरथरतो, झोप फार येते, वजन वाढतं, काहीही असो. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.

मदत मिळणं आपल्याकडे सोपं नाही, हे मी जाणतो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशातून सगळीच लांब. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की मनाच्या वेगवेगळ्या आजारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पण आज १९९४ सारखी स्थितीही राहिलेली नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा हक्क झाला आहे. आणि ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी फोनसेवा आहे. नंबर आहे १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लावता येतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर कृपया लिहून घ्या. आम्हाला त्या आठ महिन्यांत असा एखादा नंबर माहीत असता, तर पाच वाऱ्यांतल्या निदान चार तरी वाचल्या असत्या.

नाना आज पन्नाशी ओलांडून पुढे गेला आहे. आजार पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. मधे दोनदा तो उलटला, पण दोन्ही वेळा आम्ही लवकर ओळखला आणि घर सोडून जायची वेळ आली नाही. सकाळी तो गोळी घेतो. दुपारी कागद घेऊन बसतो. रेघ अजून थोडी थरथरते. ती आता त्याच्या चित्रांची सवयच झाली आहे आणि त्याला तिचा राग येत नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर मी त्याला वाचून दाखवलं. दोन जागा त्याने काढायला लावल्या, त्या काढल्या. मग म्हणाला, "भाऊ, तू नुसतं माझं दुखणं आन् चित्रंच सांगितले. केळी कापायला आली का घड मोजून गाडीचा हिशेब मी ठेवतो, तेही सांग ना."

ते सांगायचं माझ्याकडून खरंच राहिलं होतं. म्हणून सांगतो. आमच्या बागेच्या केळीचा हिशेब गेली बारा वर्षं नाना ठेवतो, आणि तो चुकत नाही.